दिवाळीत लहानग्यांना काय द्यायचं? पहिल्यांदाच भेट निवडणाऱ्या मामा-मावशींसाठी

दसरा झाला की मला फोन यायला लागतात. "ताई, भाच्याला आता चौथं लागलंय, भाऊबीजेला चाललोय, काय नेऊ?" विचारणारे बहुतेक नवखे असतात. नुकतीच नोकरीला लागलेली मावशी, दुकानात गेल्यावर गोंधळून बाहेर उभा राहिलेला मामा, नाहीतर पहिल्यांदाच आजोबा झालेले गृहस्थ. मी बावीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. दरवर्षी फोनवर जे सांगते तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. हे सारं दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून धाकट्यांबद्दल आणि थोरल्यांबद्दल मध्ये मध्ये येईल.

सगळ्यात आधी मला काय म्हणायचं आहे ते सांगते. वस्तू मुलाच्या हातात पडल्यावर ती किती काम करते आणि मूल किती करतं, एवढं बघा. बटण दाबलं की नाचणारं माकड सगळं काम स्वतःच करतं, मुलाने फक्त बघायचं. चौथ्यांदा बघून झालं की त्याला दुसरं काही उरत नाही. मातीचा गोळा स्वतः काहीच करत नाही, म्हणून सगळं मुलाला करावं लागतं आणि ते महिनोन्‌महिने पुरतं.

पहिलं काम: मुलाच्या आईला एक फोन

दुकानात जाण्याआधी हा फोन करा. "त्याला काय हवंय?" असं विचारू नका. उत्तर येईल "काही नको रे, आहे सगळं". "सध्या दिवसभर त्याचं काय चालतं?" असं विचारा. मग आई भरभरून बोलते, आणि त्या बोलण्यातच तुमची भेट सापडते.

एखादं मूल दिवसभर ओतत असतं. तांब्यातलं पाणी वाटीत, वाटीतलं जमिनीवर, डब्यातले तांदूळ ताटात. अशा मुलाला भांड्यांच्या दुकानातून एक नरसाळं, एक छोटी चाळणी, दोन-तीन वेगवेगळ्या मापांच्या स्टीलच्या वाट्या आणि एक लहान बादली घेऊन द्या. तीनशे रुपयांच्या आत काम होतं, आणि मी पाहिलंय, असा संच दोन-दोन वर्षं वापरात राहतो. एखादं मूल चपला, चमचे, बटाटे, मिळेल त्याची रांग लावतं. त्याला लाकडी ठोकळे. एखादं कागद दिसला की फाडतं, आणि आई त्यामुळे वैतागलेली असते. त्याला फाडायला हक्काचा कागद द्या: घोटीव कागद, पतंगाचा कागद, जुनी मासिकं आणि सोबत खळीची वाटी. फाडून चिकटवणं हे तीन वर्षांच्या मुलाचं खरंखुरं चित्रकाम आहे. बोटांच्या चिमटीला जो सराव होतो तो पुढे पेन्सिल धरताना कामी येतो. आणि एखादं मूल सारखी नक्कल करत असतं: आजीसारखं निवडतं, भाजीवाल्यासारखं ओरडतं. त्याला भातुकली किंवा बाजार मांडायचं सामान.

"माझा मुलगा आहे, भातुकली कशी देऊ?" असं मला अजूनही विचारतात. द्या. बालवाडीत माझ्याकडे भातुकलीच्या कोपऱ्यात मुलगे मुलींइतकेच रमायचे. पोळ्या लाटायला तर रांग लागायची.

दुसरं काम: ते घर डोळ्यांसमोर आणा

भेट मुलाच्या हातात जाते पण राहते घरात, आणि ते घर कुणाला तरी आवरायचं असतं. दीड खोलीत पाच माणसं राहत असतील तर मोठं प्लास्टिकचं घर किंवा घसरगुंडी नेऊ नका. अशा घरासाठी माझा नियम: भेट एका डब्यात मावली पाहिजे आणि डबा कॉटखाली गेला पाहिजे. शेजारी भिंतीला भिंत असेल तर ढोलकी देण्याआधी विचारा. घरात रांगणारं भावंड असेल तर थोरल्याला बारीक तुकड्यांचा खेळ देऊ नका, कारण ते तुकडे धाकट्याच्या तोंडात जाणार हे नक्की.

रंग द्यायचे असतील तर सोबत एक जुनी चादर आणि बाबांचा जुना शर्ट पाठवा. शर्ट उलटा घालून मागून बटणं लावली की उत्तम एप्रन होतो. एवढ्या एका गोष्टीने आईचा रंगांना असलेला निम्मा विरोध मावळतो.

तिसरं काम: धोका तपासणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. बहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला मी रंगीत मण्यांचा डबा दिला होता. मणी ओवण्याने बोटांना किती छान वळण लागतं हे मला ठाऊक होतं, आणि त्याच नादात मी मण्याचा आकार बघितला नाही. संध्याकाळी एक मणी त्याच्या नाकात होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो दोन मिनिटांत काढला, पण दवाखान्यात जाईपर्यंतचा तो रिक्षाचा प्रवास मला आजही आठवतो. मणी ओवायचेच असतील तर या वयाला लिंबाएवढे मोठे मणी आणि जाड नाडी.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक माप लक्षात ठेवा. खेळण्याचा किंवा त्याच्या निघू शकणाऱ्या भागाचा तुकडा सुमारे सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकू शकतो. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा असंच नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. चेंडूसारख्या गोल वस्तूसाठी माप आणखी मोठं, पावणेदोन इंच धरा, कारण गोल वस्तू घशात गच्च बसते. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा, म्हणजे त्याहून लहान असतो. तोही या वयाला नको.

चार वस्तू मी कोणत्याही लहान मुलाच्या घरी नेत नाही. एक, बटणासारखी चपटी बॅटरी असलेलं खेळणं, जर त्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद नसेल. ही बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करते. गिळल्याची शंका आली तरी थेट रुग्णालयात न्यायचं. दोन, सुटे छोटे लोहचुंबक: एकाहून जास्त गिळले गेले तर आतड्यांच्या दोन घड्या मध्ये चिमटून ते एकमेकांना चिकटतात. तीन, पाण्यात फुगणारे जेलीचे मणी: दिसायला मोहक, पण गिळले तर पोटात जाऊन फुगतात. चार, रबरी फुगे: फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर पडद्यासारखा बसतो.

गावाकडून आणलेल्या बियांबद्दलही सांगायला हवं. चिंचोके आणि सागरगोटे पाच वर्षांपुढे, मोठ्यांच्या नजरेखाली. गुंजा मात्र कधीच नाही. लाल-काळ्या, इतक्या देखण्या की कुणालाही बरणीत भराव्याशा वाटतात, पण बी विषारी असते आणि चावून गिळली तर जिवावर बेततं.

दुकानातून बनवलेलं खेळणं घेत असाल तर आयएसआय चिन्ह शोधा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून ते बंधनकारक आहे. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो आणि भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तो पडताळता येतो. नोंदणीकृत हस्तकारागिरांची खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना या नियमातून सूट आहे. म्हणून जत्रेतल्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसेल तर लगेच ते वाईट ठरत नाही. तिथे आपणच बघायचं: रंग ओल्या रुमालाने पुसून रुमालाला लागतो का, कडा बोचते का, खिळा वर आलाय का.

एक वर्षाच्या आसपासच्या बाळासाठी लोक हौसेने बसायचा वॉकर घेतात. तो घेऊ नका. बालरोगतज्ज्ञ त्याला विरोध करतात, कॅनडाने तर २००४ साली त्याच्यावर बंदीच घातली. त्यात बसलेलं बाळ क्षणात जिन्यापाशी पोचतं, आणि चालायला त्याने लवकर येतं असंही नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. उंबरठे आणि पायऱ्या सांभाळून, कुणीतरी जवळ असताना, तो खुशाल द्या.

चौथं काम: कुठून घ्यायचं

खेळण्यांच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा. त्याआधी स्टेशनरीचं दुकान, भांड्यांचं दुकान, हार्डवेअरवाला, शिंपी आणि कुंभार. शिंप्याकडे चिंध्यांची पिशवी मिळते, सुतारकामाच्या दुकानात ठोकळ्यांचे उरलेले तुकडे. पॉलिश पेपरने चारी कडा घासून गुळगुळीत केलेले वीस-पंचवीस तुकडे म्हणजे फार मोलाची भेट आहे. घासायला तुमची एक संध्याकाळ जाईल, तेवढंच.

हा विचार माझा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे जवळच कोसबाडच्या टेकडीवर सहकारी अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांमध्ये ते वाढवलं. महागडी परदेशी साधनं तिथे परवडणारी नव्हती आणि मुलांच्या जगातली नव्हतीही. मग शिंपले, खडे, पानं, बिया हेच साहित्य झालं. मोजायला शिंपले, रचायला खडे, ओवायला पानंफुलं. मी शिक्षिका झाले ती हेच शिकत, त्यामुळे आजही दुकानातल्या झगमगाटापुढे माझं मन लगेच विरघळत नाही.

तयार खेळणं घ्यायचंच तर आपल्याकडे चांगल्या जागा आहेत. पुण्यात तुळशीबागेत पितळेची भातुकली मिळते: चूल, पोळपाट, जातं, बंब. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी फळं-भाज्या मिळतात, आणि त्या इतक्या हुबेहूब असतात की मुलं चावून बघतात. पूर्वापार ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करतात. एक टोपली फळं, एक तराजू आणि जुन्या वहीची पावतीबुकं दिली की पाच वर्षांच्या मुलीचा बाजार महिनाभर चालतो. तराजू घरी होतो: हँगर, दोन दोऱ्या आणि नारळाच्या दोन करवंट्या. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगातली लाकडी खेळणीही आता महाराष्ट्रात सहज मिळतात. त्यातले भोवरे आणि खुळखुळे मला विशेष आवडतात.

आणि कुठल्याही भेटीसोबत एक चित्रांचं पुस्तक. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची लहानांसाठीची मराठी पुस्तकं चांगली आहेत आणि परवडतात. निवडताना उभ्या उभ्या दोन पानं मोठ्याने वाचून बघा. तुमचीच जीभ अडखळली तर ठेवून द्या. दोन वर्षांखाली जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कारण ते चाखलं जाणार आहे.

पाचवं काम: खोका भरणं

मी स्वतः आता भेट 'घेत' नाही, खोका भरते. बुटांचा किंवा मिठाईचा रिकामा खोका, त्यात एका कामाला लागेल ते सगळं सामान, वर मुलाचं नाव. तीन खोके इथे सविस्तर देते. पहिला सगळ्यात लाडका, म्हणून त्यालाच जास्त जागा.

*किल्ल्याचा खोका (चार वर्षांपुढे)*

दिवाळीच्या किल्ल्याइतका मोठा मातीचा खेळ आपल्या मुलांखेरीज दुसरीकडे कुणाला मिळत असेल असं मला वाटत नाही. पण सोसायटीत माती नाही, आईबाबांना वेळ नाही, म्हणून बाजारातला प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला येतो आणि मूल फक्त मावळे मांडतं. तुमच्या खोक्याने हे बदलू शकतं.

मुख्य अट वेळेची. ही भेट दिवाळीला देऊन उपयोग नाही. कोजागरीला द्या. कोजागरी ते लक्ष्मीपूजन पंधरा दिवस मिळतात, आणि किल्ल्याला ते सगळे लागतात.

खोक्यात घाला: गोणपाटाचा दीड हात तुकडा, एक खुरपं, पाण्याची फवारणीची बाटली, अर्धी वाटी आळीव, अर्धी वाटी मोहरी, थोडी शाडूची माती, आइस्क्रीमच्या काड्या, आणि कुंभारवाड्यातून आणलेली महाराजांची एक मूर्ती. पुण्यात असाल तर कसब्यातल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी या मूर्ती मांडलेल्या असतात. मावळे देऊ नका, फार तर नमुन्याला एक. बाकीचे मूल शाडूचे करेल. त्यांची डोकी मोठी आणि पाय नसलेले होतील, तसेच राहू द्या. लाल मातीची पाच-सहा किलोची पिशवी रोपवाटिकेत मिळते, ती वेगळी न्या.

बांधणी अशी. खाली जुना प्लायवूड किंवा प्लास्टिकचं कापड. त्यावर विटा, दगड, खोके रचून डोंगराचा आकार. गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्या आकारावर पांघरायचं, दाबून दऱ्या-कडे करायचे. सुकत आलं की मातीचा दुसरा हात. मग काड्यांच्या पायऱ्या, शाडूचे बुरूज, वाटी पुरून तळं. वसुबारसेच्या सहा दिवस आधी आळीव आणि मोहरी वरून भुरभुरायची. आळीव ओले झाले की बुळबुळीत होतात आणि उतारालाही चिकटून राहतात, म्हणून आधी भिजवू नका, कोरडेच टाका आणि फवारा मारा. रोज सकाळ-संध्याकाळ फवारणी मुलाची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसतात आणि मूल झोपेतून उठून थेट गॅलरीत पळतं.

सोबत खऱ्या किल्ल्याचं एक मोठं छायाचित्र द्या. राजगड मुलांना फार समजतो, कारण आकार स्पष्ट आहे: मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. फ्लॅटला गॅलरी नसेल किंवा मूल अगदी लहान असेल तर परातीत पाणी घालून मधे सिंधुदुर्ग करा. १६६४ साली महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं, तो चारी बाजूंनी पाण्यातच आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. राजगड आणि सिंधुदुर्ग दोन्ही त्यात आहेत, आणि तामिळनाडूतली जिंजीसुद्धा. जरा मोठ्या मुलाला दरवर्षी एक याप्रमाणे बारा वर्षांचं कामच तुम्ही देऊ शकता.

*कंदिलाचा खोका (चार ते सात)*

रंगीत कार्डशीट सहा, पतंगाचा कागद दोन-तीन रंगांत, बोथट टोकाची कात्री, डिंकाची बाटली, जाड दोरा. चार वर्षांचं मूल करू शकेल असा कंदील: कागदाला मधोमध लांबट घडी घालायची, घडीच्या बाजूने सरळ रेघा कापत जायचं पण कडेला दोन बोटं जागा सोडायची, घडी उलगडून नळकांडं करायचं, खाली झिरमिळ्या चिकटवायच्या. कापायच्या रेघा तुम्ही पेन्सिलीने आखून द्या. आत एलईडीची माळ सोडा, मेणबत्ती नको. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करता येतो, पण कामट्या मोठ्यांनी तासून द्यायच्या, त्यांचे कुसळ बोटात जातात.

एकदा मी भाचीसाठी असाच खोका नेला आणि 'तिला दाखवते' म्हणून पहिला कंदील स्वतः केला. मन लावून, अगदी सुबक. तिने तो बघितला, आपल्या हातातला वाकडा कागद बघितला, कात्री खाली ठेवली आणि त्या दिवाळीत पुन्हा उचलली नाही. तेव्हापासून मी नमुना करून दाखवत नाही. हात धरून पहिली कात्री चालवून देते, पुढे तिचं ती.

*कणकेचा खोका (दोन ते पाच)*

ही तर घरीच करायची भेट. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, आणि लागेल तसं पाणी, साधारण एक वाटीपर्यंत. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा. तीन भाग करून एकात हळद, एकात बीटाचा रस, एकात पालक वाटून गाळलेलं पाणी. रसाचं पाणी धरूनच ओलावा ठरवा, नाहीतर गोळा चिकट होतो. झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, आठवडाभर छान राहतो. सोबत छोटं लाटणं, शंकरपाळ्याचं कातणं, चकलीचा जुना साचा, एखादी जुनी चाळणी. फराळाच्या दिवसांत आई खऱ्या चकल्या पाडत असते आणि तिच्या पायाशी बसून मूल पिवळ्या चकल्या पाडतं. मीठ फार असल्याने हे खायचं नाही, एवढं मुलाला आणि मोठ्यांना दोघांनाही सांगा. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

सहा-सात वर्षांच्या उपद्व्यापी मुलासाठी खोका भरायचा तर पुण्याच्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी बघा. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घरं उभी राहतात. कृती त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट मिळतात. काड्यांच्या टोकाचा गुल आधी खरवडून काढा.

सण दुसरा असला तरी रीत हीच. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा राहतो. तिथल्या भाच्याला रद्दी, काठ्या, सुतळी आणि रंग दिले तर तो गल्लीतल्या पोरांसोबत स्वतःचा छोटा नरकासुर करेल. वसईत नाताळचा गोठा घरोघरी करतात. गवत, माती, पुठ्ठा आणि थोडी शाडू एवढ्यावर मुलं गाई-मेंढ्या घडवतात.

सहावं काम: देणं

भेट देऊन लगेच चहाला बसू नका. मुलासोबत जमिनीवर अर्धा तास बसा. मामाने आणलेली माती आणि मामाने सोबत कालवलेली माती यात मुलाच्या लेखी फार फरक असतो. बसल्यावर मात्र हात आवरा. "हे काय केलंस?" असं विचारू नका, कारण पुष्कळदा त्यालाही अजून ठरवायचं असतं. "सांग ना मला याच्याबद्दल" म्हटलं की ते बोलतं. "डोंगर निळा नसतो रे" हे वाक्य गिळून टाका.

दोन भावंडं असतील तर खोके दोन, आणि कात्र्या, खुरपी, बाटल्या एकसारख्या. रंगही सारखेच. मोठ्याला निळी आणि धाकटीला लाल कात्री दिलीत तर दिवाळीचा सगळा दिवस त्याच भांडणात जाईल.

एका वेळी एकच खोका द्या. चार मामा, तीन आत्या असतील तर आपसात बोलून घ्या. एकाच दिवशी सात भेटी मिळालेलं मूल मी पाहिलंय, ते कशाशीच खेळत नाही, फक्त वेष्टनं फोडत जातं. उरलेल्या भेटी कपाटावर ठेवून महिन्याला एक काढायला आईला सांगायलाही हरकत नाही.

परदेशात पाठवायचं असेल तर

न्यू जर्सीच्या किंवा मेलबर्नच्या नातवंडांना किल्ल्याचा खोका जशाच्या तसा पाठवता येत नाही. माती आणि बिया यांवर बहुतेक देशांत निर्बंध असतात आणि ऑस्ट्रेलिया त्यात फारच कडक आहे. पार्सल तिथेच अडकतं. म्हणून गोणपाटाऐवजी जाड सुती कापड, राजगडाचं छायाचित्र, महाराजांची छोटी मूर्ती आणि तुमच्या हाताने लिहिलेली कृती पाठवा. माती आणि मोहरी ते तिथल्या दुकानातून घेतील. कंदिलाचा खोका मात्र सहज जातो, कात्री आणि डिंक तिथेच घ्यायला सांगितलं की बाकी जवळजवळ सगळं सपाट कागदच असतं. शिवाय रांगोळीच्या ठिपक्यांची चाळणी, मराठी चित्रपुस्तकं, पितळेची दोन-तीन भांडी. हे दिवाळीच्या निदान दीड महिना आधी टपालात पडायला हवं, म्हणजे गणपती आटोपले की लगेच तयारीला लागा. आणि व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून दोन्हीकडे एकाच वेळी कागद कापायला बसा. माझी एक मैत्रीण तीन वर्षं हे करते आहे. तिचा नातू कात्री हातात घेतली की आपणहून मराठीत बोलायला लागतो.

तुळशीच्या लग्नानंतर

हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. किल्ला मोडायचा दिवसही मुलासोबत ठरवा, तो नसताना आवरून टाकू नका. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच खोक्यात, महाराज सगळ्यांत वर. गोणपाट झटकून, धुऊन, उन्हात वाळवून घडी घालायचं. शाडूचे मोडलेले बुरूज पाण्यात भिजत टाकले की पुन्हा माती होते. तिचा गोळा ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवा. लाल माती कुंड्यांत टाका, आणि उरलेल्या आळीव-मोहरीची पुडी बांधून त्यावर मुलाकडून नाव घालून घ्या. पुढच्या कोजागरीला खोका उघडेल तेव्हा तुम्हाला नवीन काय न्यायचं आहे ते तोच फोनवर सांगेल.